सगळंच खोडायला गेलं की तुलना राहून जाते

वादविवाद स्पर्धेत खंडन कसं करावं यावरच्या लेखातला ‘विरोधी बाजूचा एकही मुद्दा अनुत्तरित सोडू नका’ हा सल्ला मला अजिबात पटला नाही. ब्रिटिश पार्लमेंटरी या चार संघांच्या वादविवाद पद्धतीत वक्त्याला मिळतात 7 मिनिटं, आणि त्यातच स्वतःची बाजूही मांडायची असते. सगळ्या मुद्द्यांना एकेका वाक्यात उत्तर देत सुटलं, की परीक्षकाच्या वहीत अर्धवट खंडनांची रांग लागते आणि ज्या मुद्द्यावर निकाल फिरणार तो तसाच उभा राहतो. मी नवोदितांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते. तिथे हरलेल्या संघाकडे मुद्दे बहुधा भरपूर असतात; त्यांचं वजन कुणी केलेलं नसतं.

लेखात नेमकी हीच गोष्ट राहून गेली आहे. समजा, विषय शाळेत मोबाईलबंदीचा आहे आणि तुम्ही बंदीच्या बाजूने आहात. विरोधक म्हणतात, अडचणीच्या वेळी मुलांचा पालकांशी संपर्क तुटेल. हे खोटं ठरवत बसू नका, क्षणभर मान्य करा. मग दाखवा, की अशी वेळ क्वचित येते आणि तेव्हा शाळेच्या कार्यालयातून फोन करता येतो. लक्ष विचलित होणं मात्र रोजचं, आणि तेही अख्ख्या वर्गाचं. परिणाम किती जणांवर, शक्यता किती, झालेलं नुकसान भरून येतं का, एवढं वक्त्याने स्वतः तोलून सांगितलं पाहिजे. नाहीतर ते परीक्षकाला करावं लागतं, आणि मग निकाल लागल्यावर ‘आमचा मुद्दा धरलाच नाही’ ही तक्रार येते.