पंचवीस एमएमवालं मशीन कसं घ्यावं

भोसरीत भाड्याचा गाळा, दोन वेल्डिंग मशीन, एक पग मशीन (रुळावरून चालणारा गॅस कटर), एक रेडियल ड्रिल आणि बऱ्यापैकी चाललेलं जॉबवर्क. एवढं सुख असलं की शेजारच्या गाळ्यात हमखास सीएनसी प्लाझ्मा टेबल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने प्लाझ्माच्या तापलेल्या झोताने पत्रा कापणारं मशीन, येतं आणि आपली झोप उडते. घेऊन टाका तुम्हीही. मी सहा महिन्यांपूर्वी घेतलं, त्यामुळे सल्ला द्यायला आता पूर्ण लायक झालो आहे.

विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारायचे. बेड केवढा? किती एमएम कापतं? तिसरा प्रश्न विचारलात तर दुसरा चहा येत नाही.

बेड मोठाच घ्या. २५०० बाय १२५० चा घेतला तर लोक काय म्हणतील? ६३०० बाय १५०० चा अख्खा पत्रा त्यावर पसरला पाहिजे. तो गाडीतून उतरवायचा कशाने आणि शटरमधून आत वळवायचा कसा, याचा विचार मशीन आल्यावर करावा. आम्हीही तेव्हाच केला.

डेमोला जाल तेव्हा ३ एमएमच्या पत्र्यात कापलेला गणपती दाखवतील. हात जोडा. थंडगार हॉल, कोरी नोझल, कोरडी हवा, मग गणपती सुरेखच येणार. आपली कामं खांबाखालच्या बेस प्लेटची आणि जोडावरच्या गसेट पट्ट्यांची, गणपतीची ऑर्डर आली तर मेव्हण्याची, तीही फुकट. तरी स्वतःची प्लेट आणि ड्रॉइंग घेऊन जाऊ नका. बरं दिसत नाही ते.

टीएचसीचे, म्हणजे टॉर्चची पत्र्यापासूनची उंची आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचे, पैसे वाचवा. पत्रा सपाटच असतो की! तापल्यावर पापडासारखा फुगतो आणि पत्र्यापासून दीड एमएमवर चालणारी टॉर्च, म्हणजे झोत सोडणारं मशीनचं तोंड, त्यावर जाऊन आपटते, पण ते नंतर.

टॉर्चला लागणारी हवा कोरडी करणारा ड्रायरही नको. हवा काय, फुकटच आहे. जुलैत कॉम्प्रेसरच्या टाकीचा कॉक सोडला की तांब्याभर पाणी निघतं, त्यातलं थोडं टॉर्चमध्ये गेलं तर बिघडलं कुठे? टॉर्चमधल्या इलेक्ट्रोडच्या टोकावरचा हाफ्नियम धातूचा टिपका दुपारच्या डब्याआधीच खड्ड्यात जातो, एवढंच. नवे इलेक्ट्रोड त्याच विक्रेत्याकडे मिळतात. त्याचंही घर चाललं पाहिजे.

पत्र्याखाली पाणी भरलेलं टेबल घ्या, धूर बसतो आणि डासांची सोय होते. त्यावर कधी अ‍ॅल्युमिनियम कापलंत तर पाण्यात साठलेल्या चुऱ्यातून हायड्रोजन निघतो आणि वर ठिणग्या असतातच. दिवाळीचा खर्च वाचतो.

नेस्टिंगचं, म्हणजे एका पत्र्यात जास्तीत जास्त तुकडे बसवायचं, सॉफ्टवेअर विक्रेता ‘असंच देतो सर’ म्हणाला तर कुठून आणलं ते विचारू नका. एका सोमवारी सकाळी ते बंद पडून स्वतःच सांगतं.

आता किती एमएम कापतं, ते. उत्तर येतं, ‘पंचवीस, सर.’ ब्रोशरवर २५ हा आकडा एवढा मोठा छापलेला असतो की चष्मा नसलेल्यालाही दिसावा. मान डोलवा आणि चेक काढा. मी काढला. पुढच्याच महिन्यात एका शेडच्या खांबांसाठी बेस प्लेटांची ऑर्डर आली. १६ एमएम, प्रत्येकीला चार भोकं, १२० नग. म्हटलं, मशीनचा मुहूर्त झाला. पहिली प्लेट, पहिलं भोक, आणि कारंजं! वितळलेलं लोखंड आरपार जायला वाट मिळेना, तेव्हा ते वर उडालं आणि थेट नोझलच्या तोंडात बसलं. नोझल गेली. दुसरी लावली, तीही गेली. तिसऱ्या नोझलला विक्रेत्याकडे फोन केला.

‘सर, पिअर्सिंग १२ पर्यंतच आहे. पंचवीस हे एज स्टार्ट आहे.’

म्हणजे मधोमध भोक पाडायचं तर बारा, कडेपासून सुरू केलं तर पंचवीस. अहो, भोक कडेपासून कसं सुरू करायचं? बेस प्लेटचं भोक प्लेटच्या आतच असतं ना? त्यावर त्या पोराने शांतपणे उपाय सांगितला, ‘आधी ड्रिलने भोक मारून घ्या सर, तिथून टॉर्च सुरू करा.’ भोक पाडायला मशीन घेतलं आणि आता मशीनला भोक पाडून द्यायला ड्रिलवर माणूस बसवायचा! हे ब्रोशरवर का नाही, तर ‘मॅन्युअलमध्ये आहे सर.’ मॅन्युअल कुठाय, तर पेनड्राइव्हमध्ये. आणि तो पंचवीससुद्धा नीट नाहीच, कसाबसा तुटतो, खाली वितळून गोठलेल्या लोखंडाची झालर लोंबते आणि हेल्पर ग्राइंडर घेऊन दिवसभर बसतो. ड्यूटी सायकल ६०%, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं आराम, तेही ४० अंशांना मोजलेलं. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली कोण मोजायला येणार आहे?

सर्व्हिसवाला आलाच तर गुरुवारी येतो.

आणि काहीही बिघडलं तरी, ‘सर, अर्थिंग चेक करा.’ दोन नवे खड्डे खणून झाले. स्क्रीन गोठला, अर्थिंग. टॉर्च तिरकी, अर्थिंग. एक दिवस माझंच डोकं फिरणार आहे, तेही अर्थिंगच असेल.

अरे विक्रेत्यांनो, तीन आकडे असतात. मधोमध भोक किती जाडीत पडतं, कडेपासून नीट किती कापतं आणि नुसतं तोडतं किती. तिन्ही तुम्हाला पाठ असतात, छापता फक्त सगळ्यात मोठा. ही चूक नाही, लबाडी आहे. समोरच्याने घर गहाण ठेवून मशीन घेतलंय हे माहीत असताना केलेली. आणि आम्ही मालक लोक कुठे शहाणे? चाळीस हजार कमी करून घेतले म्हणून पेढे वाटले मी. ‘माझ्या १६ च्या प्लेटमध्ये मधोमध २२ चं भोक पाडून दाखव, मग अ‍ॅडव्हान्स’, एवढी एक ओळ लिहून घ्यायला काय झालं होतं मला? तासभर भाव केला, तुकडा एक कापून बघितला नाही. शेजाऱ्याकडे आहे म्हणून घेतलं. त्या शेजाऱ्याच्या मशीनवरही १६ चं भोक पडत नाही, हे त्याने मला माझं मशीन आल्यावर सांगितलं. तोवर गप्प बसला, आणि मी त्याच्याशी अजून धड बोलत नाही.

प्लेटा पग मशीनवर कापल्या, भोकं रेडियलवर मारली, माल आठ दिवस उशिरा गेला. हप्ता मात्र पाच तारखेला वेळेवर जातो.

परवा एक तरुण आला, चाकणकडे नवीन शेड टाकतोय म्हणे. हातात तेच ब्रोशर. त्याला उरलेली एक बेस प्लेट दिली, तीनशे बाय तीनशे, सव्वाअकरा किलो, आणि म्हटलं, डेमोला ही घेऊन जा. जड आहे म्हणाला आणि ठेवून गेला.