अर्धा गुण

गणपतीत आमच्या सोसायटीत प्रश्नमंजूषा झाली, मी हरलो, आणि बक्षिसाचा कॅसरोल सेट जिंकणाऱ्या सी विंगच्या बाई हल्ली मला लिफ्टमध्ये रोज भेटतात. "काय, झालात का शांत?" असं हसून विचारतात. नाही झालो.

विषय होता 'इतिहास आणि सिनेमा'. यात मी हरावं हे मला मान्यच नाही. आमच्या घरी जुन्या बाजारातून आणलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या आहेत, बखरी आहेत, आणि त्या ठेवायला जागा हवी म्हणून गॅलरीत उभा केलेला लोकरीच्या कपड्यांचा ट्रंक आहे. बायको या सगळ्याला मिळून 'तुझं ते' म्हणते. फलकावर विषय वाचल्यावर तीसुद्धा म्हणाली, "जा बाबा, एकदाचं तुझं ते उपयोगी पडू दे."

पहिला प्रश्न आला, सार्वजनिक गणेशोत्सव कुणी सुरू केला? पुण्यात हा प्रश्न माईकवरून विचारायला छाती लागते. टिळक आणि 1893 म्हणावं तर भाऊ रंगारी आणि 1892 म्हणणारे उठतात. 2017 साली उत्सवाची सव्वाशे वर्षं साजरी करायची ठरली तेव्हा, मुळात मोजायचं कुठून, यावरून शहरात केवढी जुंपली होती. मी तोंड मिटून बसलो. कुणीतरी 'टिळक' म्हणालं, गुण घेतला, मांडव शाबूत राहिला. माझ्या संयमाची नोंद कुणी घेतली नाही.

परीक्षक होते बी विंगचे काका. हे एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. प्रश्न आणि उत्तरं नातवाने मोबाइलवरून काढून दिली होती आणि काकांनी तो कागद लॅमिनेट करून आणला होता. प्रत्येक प्रश्न वाचून झाला की ते कागद छातीशी धरत, कारण समोरचे सगळे चोर.

"भारतातला पहिला चित्रपट कोणता?"

शहाणा माणूस इथे 'राजा हरिश्चंद्र' म्हणतो आणि टाळ्या घेतो. मी म्हणालो, "काका, पहिला म्हणजे कुठल्या हिशेबाने?"

मागच्या रांगेतून "झालं!" असा आवाज आला. आवाज आमच्याच घरातला होता.

"हिशेब कसला? पहिला म्हणजे पहिला."

"तसं नाही. पूर्ण लांबीचा कथापट म्हणत असाल तर फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. 3 मे 1913, गिरगावातलं कॉरोनेशन. पण त्याच कॉरोनेशनमध्ये वर्षभर आधी, 18 मे 1912 ला, दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. ते नाटकाचंच चित्रण होतं, म्हणून बरेच जण मोजत नाहीत. आणि नुसतं इथल्या माणसाने कॅमेऱ्यावर पहिल्यांदा काय घेतलं म्हणाल, तर 1899. मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती."

"कुस्ती?"

"हो. पुंडलिकदादा विरुद्ध कृष्णा न्हावी."

"म्हणजे तुझं उत्तर पुंडलिक."

"नाही काका, हा पुंडलिक वेगळा. हा पैलवान."

"यात विठोबा आहे का?" पहिल्या रांगेतल्या आजींनी विचारलं.

"तो 1912 च्या पुंडलिकात, आजी."

"मग तोच पहिला," म्हणून आजींनी निकाल दिला आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

काकांनी माईकवर दोनदा टिचकी मारली. "हे बघ, एकच उत्तर ग्राह्य धरलं जाईल. कुस्ती तर कुस्ती. ती घेतली कुणी?"

"सावेदादांनी."

"पूर्ण नाव सांग." हे त्यांनी माझी जिरवायला विचारलं होतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

"हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर."

काकांनी कागद छातीवरून काढला. कागदाकडे पाहिलं. चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे पाहिलं. चष्मा खाली घेऊन परत कागदाकडे पाहिलं.

"हरिश्चंद्र?"

"हो."

"अरे, मग मघापासून हेच सांगायचं ना! हरिश्चंद्र बरोबर आहे. राजा तेवढा राहिला." मग माईक तोंडाजवळ घेऊन, "अर्धा गुण!"

"काका, हा माणूस आहे हो."

"तोही माणूसच होता. राजा असला म्हणून काय झालं?"

मांडव हसला. माझा पुतण्या तर खुर्चीवरून घसरला, आणि त्याला मी दर रविवारी स्वखर्चाने मिसळ खाऊ घालतो. मी उभं राहून सांगितलं की द्यायचा तर पूर्ण गुण द्या, नाहीतर शून्य द्या, पण अर्धा घेणार नाही. फळ्यापाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "काका, अर्धा कसा लिहू? रकाना लहान आहे." काका म्हणाले, "पॉइंट पाच लिही, मावतं." तेवढ्यात आरतीला उशीर होतोय म्हणून मागून ओरडा सुरू झाला, आणि मला हात धरून खाली बसवण्यात आलं.

ज्या माणसाच्या नावावर मला हा अर्धा गुण भीक घातला गेला, तो माणूस कोण होता? व्यवसायाने छायाचित्रकार. 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली. ती पाहून लोक तोंडात बोट घालून घरी गेले, आणि या गृहस्थाने थेट इंग्लंडहून कॅमेरा मागवला. कुस्ती घेतली. मग डिसेंबर 1901 मध्ये केंब्रिजहून गणितात अव्वल येऊन, म्हणजे रँग्लर होऊन परतलेल्या परांजप्यांचं चौपाटीवर स्वागत झालं, तेही घेतलं. पुण्यात रँग्लर परांजप्यांचं नाव काढा, चार माणसं आपलं दूरचं नातं सांगतील. त्यांना कॅमेऱ्यात कुणी धरलं ते विचारा. पॉइंट पाच!

तरी मी गप्प बसलो असतो. पण पुढचा प्रश्न सी विंगला गेला. " 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामती कोणी साकारली?" बाई ठसक्यात म्हणाल्या, "दुर्गा खोटे." काकांनी कागद पाहिला आणि पूर्ण, सबंध, अख्खा एक गुण दिला.

आता मला सांगा. दुर्गाबाई तारामती झाल्या त्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त, 1932 साली, सिनेमा बोलायला लागल्यावर. फाळक्यांना तारामती करायला बाई मिळालीच नाही. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. याच साळुंक्यांनी पुढे 1917 च्या 'लंका दहन'मध्ये रामही केला आणि सीताही. नवरा-बायको दोन्ही एकच माणूस, म्हणजे भांडणाचा प्रश्न मिटला. मी हे सगळं गिळून फक्त एवढंच म्हणालो, "काका, 1913 मध्ये दुर्गाबाई आठ वर्षांच्या होत्या."

काका शांतपणे म्हणाले, "बालविवाह व्हायचे रे तेव्हा."

यावर माणसाने काय बोलावं? मी अर्ध्या गुणाने हरलो.

लोकांना वाटतं मला कॅसरोलचं दुःख आहे. आमच्याकडे पोळ्या गरम राहतच नाहीत, कारण मी त्या तव्यावरच संपवतो. चीड वेगळ्याच गोष्टीची येते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी इतिहास येतो. कुणाच्याही तोंडी काहीही घातलेलं असतं, खाली भगवा झेंडा आणि हात जोडलेले. 'हे कुठून घेतलं?' असं विचारलं की लगेच, 'तुम्हाला अभिमान नाही वाटतं?' अभिमान आहे म्हणूनच विचारतोय ना! ज्याला काही पडलेलं नाही तो अंगठा दाखवून दूध आणायला जातो. मला मात्र गेल्या वर्षी ग्रुपच्या अ‍ॅडमिनने 'वातावरण दूषित करू नये' म्हणून बजावलं होतं. डासांचा धूर मारायला माणूस येत नाही, त्या वातावरणाबद्दल अ‍ॅडमिनला काही म्हणायचं नसतं.

आणि हे कुठे, तर पुण्यात. लॉ कॉलेज रोडवर प्रभातचा स्टुडिओ होता, तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय याच शहरात आहे. आमच्या इथून रिक्षाने जाता येतं, अर्थात रिक्षावाला हो म्हणाला तर. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, एवढंच काय ते उरलंय. 'पुंडलिक' नाहीच. 14 मार्च 1931 ला मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'आलम आरा'ची, आपल्या पहिल्या बोलपटाची, एक प्रत कुणाकडे नाही. मांडवाच्या रोषणाईला वर्गणी कमी पडली तर सोसायटी रात्री साडेदहाला दारं वाजवते. एक रविवार बस करून सगळ्यांना संग्रहालय दाखवू या, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो, तर खजिनदारांनी विचारलं, "तिथे जेवणाची सोय आहे का?"

विसर्जनानंतर मी पुस्तकातल्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, सावेदादांच्या, तोरण्यांच्या, साळुंक्यांच्या, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या आणि बी विंगला गेलो. काकांनी चहा दिला. एकेक पान बोटाने ओळी धरून वाचलं. लंका दहनाला "अरे वा, राम आणि सीता दोन्ही!" म्हणून काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून वाचून दाखवलं. मला भरून यायचंच बाकी होतं.

"बरोबर आहे रे तुझं," काका म्हणाले. "अगदी बरोबर आहे."

"मग कागदावर दुरुस्ती करून टाकू या का?"

काकांनी कपाटातून तो कागद काढला आणि नखाने टकटक वाजवून दाखवला. "कशी करणार? लॅमिनेशन झालंय."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही हाच. टाकून कसा देणार? तीस रुपये गेलेत."