योसेफ बॉईसला तातारांनी वाचवलं नव्हतं

चित्रकलेच्या ग्रुपांवर जर्मन शिल्पकार योसेफ बॉईसबद्दल एक मजकूर फिरून फिरून येतो. बहुतेकांनी वाचला असेल. सारांश असा: जर्मन वैमानिक योसेफ बॉईसचं विमान दुसऱ्या महायुद्धात क्रिमियात कोसळलं. तातार या तिथल्या भटक्या जमातीच्या लोकांनी त्याला बर्फातून काढलं, अंगाला चरबी चोळली, फेल्टमध्ये (दाबून केलेल्या लोकरीत) गुंडाळून जगवलं, म्हणून पुढे तो चरबी आणि फेल्टची शिल्पं करू लागला. ‘प्रत्येक माणूस कलाकार आहे’ म्हणाल्याबद्दल कॉलेजनं त्याला हाकललं. अमेरिकेत गेला तो तिथल्या जमिनीला पाय न लावताच परतला. आणि एका सफाईवालीनं त्याचं लाखमोलाचं शिल्प घासून पुसून टाकलं. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जिद्द असावी तर अशी’.

सुरुवातीपासूनच घेऊ. बॉईस वैमानिक नव्हता. श्टुका जातीच्या बॉम्बफेकी विमानात दोघं बसत. पुढे वैमानिक, मागे रेडिओ आणि मशीनगन सांभाळणारा. बॉईस मागचा. 16 मार्च 1944 रोजी विमान पडलं, वैमानिक दगावला, बॉईस जखमी झाला. त्याला शोधून काढलं ते जर्मन सैन्याच्याच पथकानं. 17 मार्च ते 7 एप्रिल तो लष्करी इस्पितळात होता, तशी नोंद आहे. यात तातारांच्या तंबूला जागा कुठे उरते?

मग ही गोष्ट आली कुठून? खुद्द बॉईसकडून. 1979 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन झालं, त्याच्या कॅटलॉगमधून ती जगभर गेली. पुढच्याच वर्षी बेंजामिन बुखलो या समीक्षकानं तिच्यावर जाहीर शंका घेतली. म्हणजे खंडन काही आजचं नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांपर्यंत ते पोचलं नाही, एवढंच.

बॉईसचे चाहते म्हणतात, आख्यायिका हाही त्याच्या कलेचाच भाग. त्यात थोडं तथ्य आहे. 1964 मध्ये त्यानं स्वतःचा ‘जीवनपट’ लिहिला, त्यात 1921 सालचा आपला जन्म हे चिकटपट्टीनं जोडलेल्या जखमेचं प्रदर्शन म्हणून नोंदवला. जन्मगावही क्रेफेल्डऐवजी क्लेव्ह लिहिलं, कारण वाढला तिथे. हे वाचून कुणी फसत नाही. क्रिमियाची गोष्ट तशी नाही. 1941 मध्ये आपणहून हिटलरच्या हवाई दलात भरती झालेला तरुण त्या गोष्टीत शिरतो आणि शुश्रूषा करून घेणारा निरागस जखमी होऊन बाहेर पडतो. ज्या गावांवर बॉम्ब पडले, ती गोष्टीत नाहीतच. आणि तातार? बॉईस पडला त्यानंतर दोनच महिन्यांनी, 18 मे 1944 पासून, स्टालिननं क्रिमियातल्या तातारांना सरसकट मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केलं. दीड लाखाहून जास्त माणसं, बायकामुलांसकट. फॉरवर्डमध्ये त्यांचं काम फक्त चरबी चोळण्याचं.

चरबी कशासाठी, याचं उत्तर त्याच्या शिल्पविचारात मिळतं आणि त्याला विमान पाडावं लागत नाही. चरबी उबेत वितळते, थंडीत घट्ट होते. शिल्प म्हणजे ऊर्जेनं बदलत राहणारा पदार्थ, हे तिच्यातून दाखवता येतं. फेल्ट म्हणजे आपल्या बुरणुसासारखी दाबून केलेली लोकर, ती ऊब धरून ठेवते. खुर्चीवर चरबीची उतरती राशी रचलेलं त्याचं शिल्प डार्मश्टाटच्या संग्रहालयात आहे. तिथे उभं राहून क्रिमिया आठवायची गरज पडत नाही.

आता कॉलेजचा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण इथे खरी हकीगत बनावट हकीगतीपेक्षा कितीतरी सरस आहे. एवाल्ड मातारे या शिल्पकाराच्या हाताखाली रीतसर शिकलेला बॉईस 1961 मध्ये त्याच ड्युसेलडॉर्फ कला अकादमीत प्राध्यापक झाला. अकादमीनं नाकारलेल्या विद्यार्थ्यांना तो वर्गात घेऊ लागला. 1971 मध्ये असे 142 जण. त्या वेळी तडजोड झाली. 1972 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा तोच वाद पेटला आणि त्यानं विद्यार्थ्यांसह अकादमीच्या कचेरीत ठाण मांडलं. राज्याचे विज्ञानमंत्री योहानेस राउ यांनी त्याला बडतर्फ केलं. (हेच राउ पुढे जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले.) म्हणजे नोकरी गेली ती सुविचारापायी नव्हे, प्रवेशाच्या भांडणापायी. बॉईस कोर्टात गेला. 1978 मध्ये बडतर्फी बेकायदा ठरली, प्राध्यापक ही पदवी आणि अकादमीतली खोली त्याच्याकडे राहिली. मधल्या काळात त्यानं लेखक हाइनरिश ब्यॉल यांच्यासोबत मुक्त आंतरराष्ट्रीय विद्यापीठ काढलं होतं.

‘प्रत्येक माणूस कलाकार आहे’ या वाक्याचा अर्थ ‘कुणीही काहीही गिरगटावं, ती कलाच’ असा लावतात, तोही चुकीचा. नर्स असो, शेतकरी असो, प्रत्येकाकडे घडवण्याची ताकद आहे आणि समाज हेच सगळ्यांनी मिळून घडवायचं शिल्प आहे, असं त्याचं म्हणणं. ते पटो न पटो, पण हात वर करून मोकळं होण्याचं ते तत्त्वज्ञान नव्हे. पालेर्मो, क्नोबेल, इमेनडॉर्फ, काथारिना जीफरडिंग हे त्याचे विद्यार्थी. यांतल्या कुणाचं काम गुरूसारखं दिसत नाही, एकमेकांसारखंही नाही. मास्तरकीचं याहून चांगलं प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. मे 1974 मध्ये फेल्टमध्ये गुंडाळून, अँब्युलन्सनं, थेट गॅलरीत जाऊन तो कलाप्रयोग म्हणून कोयोटीबरोबर (लांडग्यासारख्या एका अमेरिकी जंगली प्राण्याबरोबर) राहिला आणि तसाच परतला, हे खरं. पण त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्क, शिकागो, मिनियापोलिसला व्याख्यानं देऊन आला होता. पायांनी चालत.

राहिली सफाईवाली. इथे दोन घटनांची खिचडी झालीय. 1973 मध्ये लेव्हरकुसेनच्या संग्रहालयात एका राजकीय पक्षाच्या स्थानिक शाखेचा समारंभ होता. पेले विसळायला भांडं हवं म्हणून दोन महिलांनी बॉईसची कलाकृती असलेला बाळाचा टब घासून लख्ख केला. त्या सफाई कामगार नव्हत्या, समारंभाला आलेल्या होत्या. दुसरी घटना 1986 ची, बॉईस वारल्यानंतरची. अकादमीतल्या त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात शिल्प म्हणून वर लावलेलं लोणी साफसफाईत काढून टाकलं गेलं. ते त्यानं योहानेस श्टुटगेन या विद्यार्थ्याला दिलेलं होतं. श्टुटगेन कोर्टात गेला, आणि राज्य सरकारला 40,000 मार्क भरपाई द्यावी लागली.