बटणाला हात लावू नका ना, राजेहो!

विंडोज अपडेटचे पस्तीस टक्के झाले होते. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असं स्क्रीनवर ढळढळीत लिहिलेलं, तरी अकाउंट्सच्या भाऊंनी पॉवरचं बटण दाबून धरलं. काहून? तं म्हणे, “केव्हाचं अटकून होतं.” अटकून नव्हतं! फाइली बदलत होत्या! आता मशीन उठतच नाही. बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, 48 आकडी रिकव्हरी की टाका, आज्ञा टाइप करायची खिडकी, कमांड प्रॉम्प्ट, उघडा, विंडोज सी ड्राइव्हवर आहे की डी वर ते ‘डिर’ मारून पाहा, कारण रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदलतात, मग विंडोज दुरुस्त करणाऱ्या डिझमला ‘रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स’, म्हणजे अर्धवट बदल मागे घे, असं सांगा. अर्धवट पॅच, म्हणजे अपडेटमधली ती दुरुस्ती, मागे गेला तर गेला, नाही तर सगळी इमेज, म्हणजे विंडोजची तयार प्रत, पुन्हा टाका. आणि तक्रार काय नोंदवली? “आयटीवाल्यांनी पीसी बिघडवला.”

आठ दिवस रीस्टार्टची सूचना पुढे ढकलली कोणी? पॅच डाउनलोड झाला म्हणजे लागला नाही. वापरात असलेल्या फाइली चालू विंडोजमध्ये बदलत नाहीत, त्या रीस्टार्टलाच बदलतात. तोवर सुरक्षेतलं भोक उघडंच. फाइल शेअरिंगच्या एसएमबीचा पॅच 14 मार्च 2017 ला आला होता, त्याच भोकातून शिरणारा खंडणीखोर व्हायरस वॉनाक्राय 12 मेला. जवळपास दोन महिने हातात होते!

रात्री करावं, तर सात वाजता जाताना मेन स्विच पाडून जातात. नागपूरचा मे आहे, वायरिंग तापते, मान्य. पण महिन्यातून एक रात्र? दुसऱ्या मंगळवारी आपल्याकडे रात्री साडेदहाला पॅच येतात, हिवाळ्यात साडेअकराला. बुधवारी आधी पाच-दहा मशीनवर टाकून प्रिंटर, टॅली, व्हीपीएन तपासायचं, मगच बाकीच्यांवर. डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारे सर्व्हर, तर एकेकच. मार्च 2024 च्या पॅचनंतर त्यांच्यावर लॉगिन सांभाळणारा एलसॅस प्रोग्राम मेमरी खात सुटायचा आणि सर्व्हर आपोआप रीस्टार्ट व्हायचे. त्याआधी जानेवारीत ती 80070643 एरर! रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात, 250 एमबी मोकळे नाहीत, एवढं साधं कारण, पण मेसेजमध्ये त्याचा शब्द नाही. एकेका मशीनवर बसून पार्टिशन पाडा आणि नव्याने बांधा.

आणि वर विचारतात, “दर महिन्याला कायले लागते हे?”

या बुधवारी मेन चालू ठेवा. मॉनिटर बंद करा, सीपीयू नाही. टक्के कितीही वेळ हलले नाहीत तरी बटण दाबायच्या आधी फोन करा.