बाईला तिच्याच केसचा शिपाई करू नका

नवऱ्याला काढलेली कोर्टाची नोटीस परत आली. शेरा : ‘घर बंद’. पुढची तारीख दीड महिन्याने. ठाणे असो की बेलापूर, कौटुंबिक हिंसाचाराच्या कितीतरी केसेस इथेच रुततात, साक्षीपुराव्यापर्यंत पोचतही नाहीत.

म्हणून कुणी ‘कायदा कडक करा’ म्हटलं की विचारावंसं वाटतं, आहे त्या कायद्याचा कागद आधी पोचतोय का? कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कलम 12 खाली अर्ज पडला की साधारण तीन दिवसांत पहिली तारीख लागावी आणि तिथून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं त्यात लिहिलंय. नोटीस बजावणं संरक्षण अधिकाऱ्याचं, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं काम, मुदत दोन दिवस. (वाजवी मुदतवाढ देता येते. ती पळवाट आता राजरस्ता झाली आहे.) पण पाकीट घेऊन पोलीस ठाण्यात कोण जातं? बाई. पोचपावती परत कोर्टात कोण आणतं? तीच, कामावर खाडा करून.

‘घर बंद’ला उपाय नियमातच आहे. नोटीस नवऱ्याच्या कामाच्या जागीही बजावता येते आणि कुणी घ्यायला नसेल तर दर्शनी जागी चिकटवता येते. तेव्हा अर्ज घेतानाच त्याच्या कंपनीचा पत्ता, कामाची पाळी, गावाकडचा पत्ता आणि दोन मोबाइल नंबर लिहून घ्या. महापे-रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या माणसाच्या दारावर दुपारी चारला जाऊन काय मिळणार? कुलूपच. कलम 23 खालचं शपथपत्र, म्हणजे नमुना 3, त्याच दिवशी जोडलं तर समोरच्याची वाट न पाहता एकतर्फी अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) आदेश मागता येतो. हे घाईघाईत राहून जातं आणि मग अंतरिम आदेशासाठी वेगळी तारीख पडते.

आता पोलीस ठाणं. मारहाणीची तक्रार घेऊन बाई गेली की ठाणे अंमलदार बहुतेकदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून देतात. साधी दुखापत अदखलपात्र, तेव्हा मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. चूक त्या एका पोलिसाची म्हणता येत नाही. चूक ही की एनसीचा कागद तिथेच मरतो. खरं तर 2005 च्या कायद्याच्या कलम 5 नुसार पोलिसांनी तिला तिथेच सांगायला हवं की संरक्षण अधिकारी आहे, मोफत वकील आहे (बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही) आणि छळाचा वेगळा फौजदारी गुन्हाही नोंदवता येतो. तो 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे, पूर्वीचं 498-अ. माझी मागणी एवढीच : घरातल्या मारहाणीच्या प्रत्येक एनसीची प्रत त्याच दिवशी पोलिसांकडूनच संरक्षण अधिकाऱ्याकडे जावी आणि त्यांनी नमुना 1 मधला घटना अहवाल, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात, भरायला घ्यावा. अहवाल नाही म्हणून अर्ज मात्र अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्येच स्पष्ट केलंय. खिडकीवर अजून कुणी ‘आधी डीआयआर आणा’ म्हणालं, तर हे ऐकवा.

नवी मुंबईचं दुखणं आणखी वेगळं. बेलापूर आणि खारघर, हार्बर रेल्वेमार्गावर एका स्टेशनाचं अंतर. पोलीस आयुक्तालय एकच. पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. म्हणजे पोलीस नवी मुंबईचे, कोर्ट पनवेलचं, जिल्ह्याचं मुख्यालय अलिबाग. त्यात बाई माहेरी कळव्याला आलेली असेल तर अर्ज ठाणे शहरातल्या कोर्टात करता येतो, कारण 2005 च्याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथलं कोर्टही चालतं. सोय चांगली, पण पुढची मेख बघा. कलम 24 प्रमाणे आदेशाची मोफत प्रत पोलिसांना जाते ती ज्या कोर्टात अर्ज केला त्या हद्दीच्या ठाण्याला. आदेश मोडला जाणार खारघरच्या फ्लॅटच्या दारात, आणि तिथल्या ठाण्याला आदेशाचा पत्ताच नाही! बाईने झेरॉक्स दाखवली की ‘सही-शिक्क्याची आणा’. आदेश मोडणं दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा वर्षभराची कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण ते ठाण्याला माहीत झालं तर ना. म्हणून घर जिथे आहे त्या ठाण्यालाही प्रत पाठवण्याचं वाक्य आदेशातच मागून घ्यायला हवं, आणि दोन जिल्ह्यांच्या संरक्षण अधिकाऱ्यांत केस सोपवण्याची लेखी पद्धत हवी. वकिलांनाही एक सांगणं : आदेश मोडण्याची शिक्षा सांगणाऱ्या कलम 31 मध्ये शब्द ‘संरक्षण आदेश’ असा आहे, तेव्हा कलम 19 च्या निवासाच्या आदेशाबरोबर कलम 18 च्या संरक्षण आदेशाची विनंतीही घालाच.

निवासाचा आदेश मिळाला तरी फ्लॅट हातचा जातो, कारण तो आदेश सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणी दिलेलाच नसतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचं घर असेल तर प्रत सिडकोच्या वसाहत विभागालाही जायला हवी. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांचं तर नवरा करार संपू देतो, डिपॉझिट उचलतो आणि बाई आपोआप बाहेर. तिथे पर्यायी घर किंवा भाडं मागता येतं, ते आधीच अर्जात हवं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून दावा संपतो, हे 2020 पासून खरं राहिलेलं नाही.

बाईच्या पोटगी-खर्चाबद्दल थोडक्यात. कलम 20(6) खाली कोर्ट थेट नवऱ्याच्या कंपनीला किंवा मालकाला त्याच्या पगारातून रक्कम द्यायला सांगू शकतं. पगारदार नवऱ्याच्या केसमध्येही ते मागितलंच जात नाही, आणि थकबाकीच्या तारखा वर्षानुवर्षं चालतात. रिक्षावाल्याच्या बाबतीत हा उपाय लागू पडत नाही, हेही खरं.

हे सगळं करायचं कुणी? संरक्षण अधिकाऱ्याने. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना महिला व बालविकास विभागातले अधिकारी जिल्हा आणि तालुका पातळीवर या कामासाठी सहा आठवड्यांत नेमायला सांगितलं. पण नेमणूक म्हटलं की आपल्याकडे पाटी वाढते, माणूस तोच राहतो. अंगणवाड्यांचे तक्ते भरून उरलेल्या वेळात नोटीस बजावली जात नाही. पूर्णवेळ पद, एक बजावणी कर्मचारी आणि प्रवासखर्चाची तरतूद, एवढं प्रत्येक तालुक्याला द्या. ठाणे जिल्ह्यात तालुके सातच आहेत. शहापूर-मुरबाडला गाडीही लागेल, तिथे पाड्यांवर रिक्षा जात नाही.

ज्यांना काही करायचंय त्यांनी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकावा. तालुकावार विचारा : संरक्षण अधिकारी पूर्णवेळ की अतिरिक्त कार्यभार? गेल्या वर्षी किती नोटिसा आल्या, किती दोन दिवसांत बजावल्या, किती ‘घर बंद’ म्हणून परत? पनवेलसाठी अर्ज रायगडला टाका, ठाण्याला नको.