धाडीला जाताना रुमाल न्यावा

सगळ्यात आधी खिशात मोठा रुमाल ठेवा. स्पावर धाड पडली की पेपरात जो फोटो येतो, त्यात बायांची तोंडं ओढणीत असतात आणि पुरुषांची रुमालात. ओढणी बाई घरूनच घेऊन येते. विसरतो तो आपला माणूस. धाडीत सापडलेल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बजावलं आहे. ती काळजी त्यांच्यापुरती. तुमची काळजी तुमच्या रुमालाने घ्यायची.

दुसरं, कायदा वाचू नका. "तो त्या बायांसाठी असतो हो," हे इंदूरच्या राजवाड्यावर पोहे खाताना मिळालेलं ज्ञान पुरे आहे. 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात प्रौढ बाईने स्वखुशीने, एकटीने केलेला देहविक्रय हा मुळात गुन्हाच नाही, असं एखादा वकील म्हणाला तर तिथेच हुरळून उठा. बसून राहिलात तर तो कलम 7 सांगेल. देऊळ, शाळा, दवाखाना यांच्या 200 मीटरच्या आत हाच व्यवहार झाला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद. बाईला, आणि तिच्याबरोबरच्या इसमालाही. आता सुदामानगरपासून विजयनगरपर्यंत पायी जा आणि 200 मीटरात एकही मारुती नसलेली गल्ली शोधून दाखवा. (कोचिंग क्लास शाळेत मोडतो का, हा वाद तुमचा वकील घालेल. तासाच्या हिशोबाने.)

गाडीची काच खाली करून रस्त्यातच विचारणा करायचा बेत असेल, तर कलम 8. त्यात दंड फार तर 500 रुपये. हसलात ना? एवढे तर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोरं घेऊन गेलं की जातात. पण दंडावर सुटायची सोय बाईला आहे; अर्थात तिला सहा महिन्यांपर्यंत आतही टाकता येतं. गुन्हा पुरुषाने केला असेल तर किमान सात दिवस, कमाल तीन महिने कैद. नोट चालत नाही. ऑफिसात सात दिवसांची रजा कुठल्या कारणाने टाकायची, ते आत्ताच ठरवून ठेवा. आजी एकदाच वारते.

तिला काही विचारू नका, हे मात्र अगदी लक्षात ठेवा. गाव कुठलं, मोबाईल कोणाकडे आहे, दाराला कडी बाहेरून का. मुलगी पळवून, फसवून आणलेली आहे हे माहीत असूनही गेलात, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 144 खाली तीन ते सात वर्षं सक्तमजुरी. अल्पवयीन असेल तर पाच ते दहा. म्हणून तुम्ही डोळे मिटता. पण 'तसं मानायला कारण होतं' एवढंही त्या कलमाला पुरतं, आणि बाहेरची कडी तुम्ही आत शिरताना स्वतःच्या हाताने काढलेली असते.

दलालाचा नंबर 'प्लंबर' नावाने ठेवलात, उत्तम. यूपीआयने पैसे पाठवताना 'नळदुरुस्ती' लिहिलंत, त्याहून उत्तम. रात्री साडेअकराला.

मग ठाण्यात नोंदी लिहिणारे मुंशीजी नाव विचारतील, मग "पिताजी का नाम?" वय 52, तरी वडील लागतातच. तुमच्या घाटपांड्याचं ते 'घटपांडेय' करतील. बँकेत, रेशनकार्डावर, मुलीच्या मार्कशीटवर, जन्मभर हे आडनाव तुम्ही भांडून दुरुस्त करून घेतलंत. इथे राहू द्या.