ठाकुरद्वारच्या नाक्यावर नानांवरून जुंपली

काल चहा यायच्या आधीच वाजलं. ग्रँट रोडला उतरून अव्या नाना चौकातून चालत आला आणि बसता बसता म्हणाला, "नाना शंकरशेट म्हणजे इंग्रजांच्या व्यापारावर गब्बर झालेला शेठ. त्यांचं एवढं कौतुक कशाला?"

मला राहवेना. "अरे, तू बसलायस तो रस्तासुद्धा त्यांच्याच नावाचा आहे. शेठ तर होतेच. वडिलार्जित व्यापार, मुंबईत अफाट जमीनजुमला. जमशेटजी जीजीभाईंच्या जोडीनं 1845 पासून रेल्वेसाठी खटपट केली, त्यात व्यापाऱ्याचा हिशेब असणारच."

"मग झालं तर! 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, पण लोहमार्ग हवा होता तो कापूस बंदरावर आणायला."

"मान्य. पण त्याच्या चार वर्षं आधीचं बघ. 1849. मुलगी शिकली तर विधवा होते, असं लोक उघड म्हणायचे तो काळ. तेव्हा नानांनी मुलींच्या शाळेला गिरगावातला स्वतःचा वाडा दिला. पैसे देऊन मोकळं होता आलं असतं. रोज आपल्या दारातून पाट्या घेतलेल्या पोरी आत जाताना अख्खी आळी बघणार, हे ठाऊक असून दिला. माझी आजी चौथीपर्यंत शिकली, तिला हे सांगताना मी रडताना पाहिलंय."

अव्या थोडा नरमला, पण सोडेना. "राजकारण मात्र अर्जविनंत्यांचंच."

तेही खरंच. 1852 साली नानांच्या पुढाकारानं बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तिनं थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडला: कारभारात हिंदी माणसाला जागा द्या. मला त्या अर्जाचं मोल वाटतं, कारण काँग्रेस जन्मायला अजून तेहतीस वर्षं होती. 1862 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात नाना स्वतः जाऊन बसले. तीनच वर्षांनी गेले.

इतका वेळ गप्प असलेले काका मग बोलले. "सोनापूरची स्मशानं सरकार शिवडीला हलवणार होतं. नानांनी हलवू दिली नाहीत. माझ्या वडिलांना आम्ही इथून खांद्यावरून चंदनवाडीत, म्हणजे त्याच सोनापूरच्या स्मशानात नेलं, चालत. शिवडीला कसं नेलं असतं रे?"

अव्यानं ग्लास खाली ठेवला. "वाड्याचं आणि सोनापूरचं मला माहीत नव्हतं काका. अर्जांचं मात्र माझं म्हणणं कायम आहे."

"असू दे," काका म्हणाले, "उद्या ये, त्यावर बोलू."